माझा नंबर, गावाचे कागद

माझ्या फोनवर रोज दोन-चार आकडे येतात. सहा अंकी. कुणाचे ते मला ठाऊक नसतं. आकड्याखाली ताकीद असते, ‘हा क्रमांक कुणालाही सांगू नका’. आणि माझ्या धंद्याची अलीकडची काही वर्षं तर हे आकडे लोकांना फोनवरून ओरडून सांगण्यातच गेली.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. झेरॉक्सवाल्यानं काय लिहायचं? जन्मभर दुसऱ्यांच्या लिहिलेल्याच्या नकला काढल्या. स्वतःचं असं एक पान नाही. मग वाटलं, एक गोष्ट आहे आणि ज्यांची ती आहे त्यांच्याशिवाय मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही. घरातही नाही. तेवढी सांगतो.

आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरला कचेऱ्यांच्या समोरच्या ओळीत माझं दुकान. एक झेरॉक्सचं यंत्र, एक लॅमिनेशनचं, आणि नंतर आलेला संगणक. माझा बाप तलमडुगुकडच्या एका गावात सालदार होता. रेशनकार्ड सोडलं तर त्याच्या नावाचा दुसरा कागद मी पाहिला नाही. त्याचा मुलगा कागदांच्या धंद्यात पडला, याचं त्याला फार कौतुक. दुकानात येऊन तो नुसता बसायचा आणि यंत्राच्या काचेखालून सरकणारा हिरवा उजेड बघायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झेरॉक्सचा धंदा म्हणजे बटण दाबायचं. तसं नाही. आमच्या भागात कागद म्हणजे माणसाचा जीव. जंगलातल्या गावाहून माणूस पहाटेची बस धरून येतो, कचेरीत उभा राहतो आणि तिथला सारू, म्हणजे साहेब, म्हणतो, “नक्कल लाव, तसदीक करून आण.” तसदीक म्हणजे खरेपणाचा सही-शिक्का; पण आधी नक्कल हवी, म्हणून त्यानं माझ्याकडे यायचं. कागद काढायचा तो कमरेच्या पिशवीतून, घामानं भिजलेला, घडीवर फाटलेला. अशा कागदाला हात कसा लावायचा हे शिकायला मला दोन वर्षं लागली. आधी उन्हात ठेवायचा, मग कोरड्या फडक्यात दाबायचा, मग काचेवर. घाई केली की तुकडा हातात येतो आणि समोर उभा असलेला माणूस रडायला लागतो. माझ्या हातून एकदा तसं झालं होतं. तो दाखला परत मिळवायला त्या माणसाला अर्धं वर्ष चकरा माराव्या लागल्या. त्यातल्या चार चकरांना मी त्याच्यासोबत गेलो.

पुढं कागद फोनमध्ये जायला लागले. गाडीचं तिकीट फोनमध्ये, ओळखपत्र फोनमध्ये, गाडीचं लायसन फोनमध्ये. झेरॉक्सचा धंदा बसणार हे दिसतच होतं. तेव्हा मी रडत बसलो नाही, पाटीवर एक ओळ वाढवली: ‘कागद फोनमध्ये टाकून मिळतील’. सरकारी अ‍ॅप फोनवर उतरवायचं, माणसाचं आधार त्याला जोडायचं, आलेला आकडा भरायचा, आणि मग गुप्त पिन ठरवून द्यायचा. झालं. माणूस रिकाम्या हातानं हिंदुस्थान फिरायला मोकळा.

लोकांना पटायला वेळ लागला. तलमडुगुचा एक भाजीवाला होता, गंगाराम. वांगी-टमाटे घेऊन बाजारात यायचा. त्याचे सगळे कागद मी एका दुपारी फोनमध्ये बसवून दिले. त्यानं फोन उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढं धरला.

“आता याचं झेरॉक्स काढून दे.”

“कशाचं?”

“या फोनचं. उद्या फोन हरपला तं? हातात काई तं पाह्यजे ना बाप्पा!”

मी समजावलं, तो ऐकेना. शेवटी स्वतःच फोन काचेवर पालथा घातला आणि झाकण लावलं. कागद निघाला तो काळाकुट्ट, मध्ये एक पांढरट चौकोन. गंगारामनं तो घडी घालून खिशात ठेवला. पुढं भेटला की म्हणायचा, “कंडक्टरनं फोन पाहून काई म्हनलं नाई, पन तो कागद खिशात व्हता म्हनून मले धीर व्हता.” आम्ही दुकानात यावर पुष्कळ हसलो. आता मला तो शहाणा वाटतो.

आता नंबराची गोष्ट. आधारची नोंदणी सुरू झाली तेव्हा गावोगाव यंत्रं फिरत होती. आश्रमशाळेत, चावडीत, कुठं झाडाखाली. यंत्र चालवणारी मुलं हैदराबादकडची. त्यांना गोंडी येत नव्हती, मराठी येत नव्हती. मला तिन्ही-चारी भाषा तोडक्यामोडक्या येतात म्हणून मी मदतीला जायचो. फॉर्मवर एक रकाना होता, मोबाइल नंबरचा. तेव्हा एका गावात फोन असला तर एक, तोही दुकानदाराचा. माणूस म्हणायचा, “माह्याकडं कुठला फोन?” रकाना रिकामा सोडला तरी चालत होतं. पण आमच्याकडं कागदाची भीती अशी की रिकामा रकाना दिसला की माणूस तिथून हलत नाही. यावरून उद्या नाव कापतील, असं त्याला वाटतं. मग मी माझा नंबर लिहायचो. लोकांना हायसं वाटायचं. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? किती जणांना दिला याची यादी मी ठेवली नाही. त्यात काही ठेवण्यासारखं आहे असंच वाटलं नाही.

तो नंबर म्हणजे किल्ली आहे, हे कळायला पुढची काही वर्षं गेली. अ‍ॅप उघडायचं तर आकडा येणार तो आधारला जोडलेल्या नंबरवर. म्हणजे माझ्या फोनवर. नंबर बदलता येतो, पण त्यासाठी माणसाला स्वतः केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागतो. त्यासाठी मजुरीचा दिवस कोण मोडणार? त्यापेक्षा सोपं काय, तर “काकाले फोन लाव.”

एकदा उटनूरजवळच्या गावातले पाच जण नाशिककडं द्राक्षाच्या बागांत कामाला निघाले होते. तिकीट एकाच्या फोनमध्ये, त्याचं नाव जंगू. आदिलाबादहून मुंबईच्या गाडीत बसले. तिकीट तपासणारे साहेब आले, म्हणाले, पाचातल्या एकाचं तरी ओळखपत्र दाखवा, नाहीतर सगळे विनातिकीट. जंगूनं घाबरून अ‍ॅप दाबत दाबत असं काही केलं की ते बंद होऊन पुन्हा आकडा मागायला लागलं. त्यानं मला फोन लावला. मी दुकानात लॅमिनेशन करत होतो.

“काका, तो सायेब उभा हाय. आकडा आला का?”

“आला. लिही. आठ, शून्य, चार...”

“हळू सांगा ना काका, एकेक.”

चौथ्या अंकावर फोन साहेबांनी घेतला. “आप कौन बोल रहे हैं?”

“साहब, मैं उटनूर का झेरॉक्सवाला.”

साहेब म्हणाले, “बोलिए, मैं डालता हूँ.” कार्ड उघडलं. जंगूनं मागून ओरडून सांगितलं, “निंगालं, काका, निंगालं!”

त्या दिवशी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली. उटनूरच्या खुर्चीवर बसून पार परभणीच्या पुढं गेलेल्या गाडीत मी पाच माणसं सोडवली होती. मला माझाच अभिमान वाटला. नियमानं तो आकडा सांगायचा नसतो, हे माहीत होतं. पण नियम करणाऱ्याला जंगू माहीत नव्हता. अशी माझी समजूत.

आता तुळशीराम. तुळशीराम माझा बालमित्र. आम्ही दोघं एकाच बौद्धवाड्यात वाढलो, एकाच पाटीवर लिहिलं. मी कागदात पडलो, तो भाकरीत. उटनूरच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात तो स्वयंपाकी होता. लग्नानंतर इंद्रवेल्लीजवळ बायकोच्या गावी घर बांधून राहिला. त्याला एकच मुलगी, करुणा. नोंदणीचं यंत्र शाळेत आलं तेव्हा करुणा सातवीत असेल. तुळशीरामनं तिचं बोट धरून तिला यंत्रापुढं बसवलं आणि मला म्हणाला, “तुहाच नंबर टाक, सुदाम. तुहा नंबर काय न् माहा काय.” बायकोच्या, म्हणजे शांतावहिनींच्या फॉर्मवरही तोच टाकला.

करुणा हुशार निघाली. नर्सिंग केलं, दिल्लीला मोठ्या दवाखान्यात लागली, अतिदक्षता विभागात. आमच्या वाड्यातून विमानात बसणारी पहिली तीच. ते तिकीटही मीच काढलं होतं. तुळशीराम बाजूला उभा राहून विचारत होता, “खिडकी भेटन का रे तिले?” त्यानंतरच्या एका सुट्टीत ती दुकानात आली, तेव्हा मी तिचे सगळे कागद फोनमध्ये बसवून दिले आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, “मूळ कार्ड बापाच्या पेटीत ठेवून दे. हरवलं तर चकरा मारत बसशील. आता हातात फोन असला की झालं.” तिनं ऐकलं. माझं सगळेच ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यात तुळशीरामच्या छातीत दुखायला लागलं. आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, मुलीला बोलावून घ्या. मी करुणाला कळवलं. संध्याकाळी तिचा फोन आला, “काका, उद्या सकाळच्या इमानाचं तिकीट भेटलं. नागपूरले उतरून गाडी करते. दोनपोतर पोचते. बाबांले सांगा.” मी सांगितलं. तुळशीरामनं डोळे मिटूनच मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता येणार नाही. त्याला काहीतरी काम मिळालं होतं, दोन वाजेपर्यंत थांबण्याचं.

सकाळी सहाला मी आत गेलो. शांतावहिनी तीन दिवस जागच्या हलल्या नव्हत्या, त्यांना म्हटलं, तुम्ही बाहेर जरा पाठ टेका. आत एकालाच सोडत होते. दारापाशी एक प्लास्टिकची टोपली होती. चपला बाहेर काढायच्या, फोन बंद करून टोपलीत ठेवायचा. नियम योग्यच होता, आत सगळी यंत्रं आणि नळ्या. मी फोन बंद केला आणि ठेवला. शांतावहिनी त्या टोपलीशेजारच्याच बाकावर बसल्या. त्यांच्याकडं फोन नव्हता.

तुळशीरामचा हात माझ्या हातात होता. जन्मभर भाकऱ्या थापून आणि तवे उचलून त्या हाताला पोळलेल्या खुणा. तो मधूनमधून डोळे उघडायचा.

“निंगाली का पोट्टी?”

“निघाली. आता विमानतळावर असेल.”

“काई खाल्लं असन का तिनं?”

“खाईल ना. विमानात देतात.”

“थे काय देतेत! बिस्कुटं.” स्वयंपाकी होता तो शेवटपर्यंत.

साडेआठच्या सुमाराला मी बाहेर आलो आणि फोन चालू केला. तो हातात थरथरायला लागला आणि थांबेचना. एकामागून एक संदेश. सहा आकडे, सहा वेळा. प्रत्येकाखाली तीच ताकीद, कुणालाही सांगू नका. प्रत्येक आकडा दहा मिनिटांपुरता. आणि फोन कंपनीचा संदेश: करुणाचे एकोणीस फोन हुकले.

काय झालं असेल ते मला एका क्षणात कळलं, कारण जगात ते कळण्यासारखा माणूस मी एकटाच होतो. आठवड्यापूर्वी तिचा फोन पाण्यात पडला होता, तिनं नवा घेतला होता, तसं मला सांगितलंही होतं. नव्या फोनमध्ये अ‍ॅप उतरवलं की ते आकडा मागणार. तिला वाटलं, विमानतळावर जाता जाता होऊन जाईल. मला तर काहीच वाटलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी तिला एक वाक्य विचारलं असतं, कार्ड उघडून पाहिलंस का? गंगारामला विचारलं असतं, जंगूला विचारलं असतं. आपलीच पोरगी म्हणून विचारलं नाही.

मी फोन लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला.

“काका, कुठं होते तुमी?”

“आत. बाबांजवळ. फोन बंद करून...”

मागून विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. मग ती म्हणाली, “गेलं इमान. बाबा कसे हायेत?”

“आहेत. तुझी वाट पाहून राहिले.”

विमानतळाच्या दारावरच्या जवानाचा दोष नव्हता, हे तिनंच नंतर सांगितलं. तो नीट बोलला. कार्डाचा साधा फोटो तिच्याकडं होता, पण फोटो चालत नाही, अ‍ॅपमध्ये उघडून दाखवा म्हणाला. तिला बाजूला उभं राहू दिलं, आपल्याकडचं पाणी दिलं. ती दीड तास त्या दारात आकडा मागत राहिली, आणि दर वेळी तो आकडा इथं, तिच्या आईच्या बाकाशेजारच्या टोपलीत, बंद फोनच्या नावानं निघत राहिला. गावातल्या शेजाऱ्याला तिनं फोन केला होता. तो म्हणाला, सगळे आदिलाबादले गेले. दवाखान्याचा नंबर तिच्याकडं नव्हता.

मी म्हटलं, आता आकडा सांगतो, पुढच्या विमानाचं बघ. पुढचं नागपूरचं विमान संध्याकाळी होतं आणि त्यात जागा नव्हती. शेवटी ती रेल्वे स्टेशनवर गेली आणि साध्या डब्यात चढली. तिथं ओळखपत्र कुणी विचारत नाही. नागपूर दुसऱ्या दिवशी सकाळी.

शांतावहिनींना मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्यायले सांगाल का आता?”

मी पुन्हा फोन बंद केला, टोपलीत ठेवला आणि आत गेलो. आता तो बंद असला काय आणि चालू असला काय. तुळशीरामनं डोळे उघडले.

“बसली का इमानात?”

“बसली,” मी म्हणालो. “खिडकी मिळाली.”

हे दोन शब्द तोंडातून गेले आणि मग मागं फिरायला वाट राहिली नाही. आम्ही दोघं तो रस्ता चांगला ओळखत होतो. तरुणपणी नागपूरला जाऊन आलो होतो, बसनं, ट्रकनं, एकदा तर अर्धा रस्ता पायी. अकराच्या सुमाराला त्यानं विचारलं, “कुठवर आली?” मी म्हणालो, नागपूरला उतरली, गाडी मिळाली. बाराला हिंगणघाट. मग वडकी. दोन वाजले तेव्हा तो वाट बघायला लागला. डोळे दाराकडं. मी म्हणालो, पांढरकवड्याला गाडीचं चाक पंक्चर झालं, तासभर लागेल. त्याला खरं वाटलं. मध्ये मी बाहेर जायचो, शांतावहिनी आत यायच्या. त्याही तेच सांगायच्या. आम्ही ठरवलं नव्हतं.

चार वाजता पाटणबोरी. त्याचा श्वास तेव्हा फार वरवर चालला होता. नर्स येऊन बघून गेली. जरा वेळानं त्यानं ओठ हलवले. मी कान खाली नेला.

“पूल?”

आमच्या भागातल्या माणसाला पूल म्हटलं की पैनगंगेचा. पूल ओलांडला की महाराष्ट्र संपला आणि आदिलाबाद आलं, अर्ध्या तासावर.

“ओलांडला,” मी म्हणालो. “आत्ताच ओलांडला. आली बघ.”

त्यानं माझा हात दाबला. निदान मला तसं वाटलं. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही. पाच वाजायच्या आत तो गेला.

आम्ही त्याला इंद्रवेल्लीजवळच्या घरी आणलं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटलं, फार वेळ ठेवू नका. शांतावहिनी उंबऱ्यात बसून राहिल्या आणि म्हणाल्या, “पोट्टीनं तोंड पाह्यल्याशिवाय मी त्यायले उचलू देत नाई.” थंडी होती म्हणून जमलं. दुसऱ्या दिवशी दुपारी करुणा आली. रात्रभर साध्या डब्यात दाराशी बसून आलेली. तिनं बापाचं तोंड पाहिलं, कपाळावरून हात फिरवला आणि नर्सच्या सवयीनं मनगटावर बोटं ठेवली. ते पाहून मी मागं सरलो. त्रिशरण, पंचशील झालं, आणि आम्ही त्याला नेलं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. “बाबा काय बोलले शेवटी?”

मी तिला सगळं सांगितलं. टोपली, सहा संदेश, आणि मी त्याच्याशी बोललेलं सगळं खोटं. खिडकी, हिंगणघाट, पंक्चर झालेलं चाक. लपवावं असं मनात आलं होतं, पण एका दिवसात मी पुरेसं खोटं बोललो होतो.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “कुठवर आनलं व्हतं तुमी मले?”

“पुलापर्यंत. पूल ओलांडून.”

“म्हंजे पोचलीच व्हती मी,” ती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

मला तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गावातली माणसं माझं सांत्वन करत होती, तुमची काय चूक, तुम्ही तर जवळ होतात. जवळ होतो हेच तर दुखत होतं. लोक म्हणतात, कागदाचेच दिवस बरे होते. मी तसं म्हणत नाही. फोननं पुष्कळांची वाट सोपी केली, माझ्या डोळ्यांदेखत केली. फोनची चूक नाही. नियम सांगत होता की हा आकडा ज्याचा त्याच्याजवळ असावा. मी शेकडो माणसांचे आकडे स्वतःजवळ ठेवून घेतले आणि त्याला मदत म्हणत राहिलो. कुणाला माझी गरज लागते याची मला गोडी लागली होती. ती मोडायला हवी होती, जेव्हा घराघरात फोन आले तेव्हाच. यंत्र घेऊन, गावोगाव फिरून, ज्याचा त्याला नंबर जोडून द्यायला हवा होता. मी पाटीवर ओळ वाढवली आणि खुर्चीवर बसून राहिलो.

आता ते काम करतो. दुकान अर्धा दिवस उघडं असतं. उरलेल्या वेळात लोकांना घेऊन केंद्रावर जातो, रांगेत उभं करतो, अंगठा द्यायला लावतो. कुणी कुणी कुरकुरतात. परवा एक म्हातारी म्हणाली, “राहू द्या ना तुमचाच, बापू. तुमच्यावर भरोसा हाय.” मी तिला जवळजवळ ओढतच नेलं.

सगळ्यात आधी मात्र करुणाला नेलं होतं. दिल्लीला परत जायच्या आदल्या दिवशी. सोबत शांतावहिनी होत्या. केंद्रातल्या माणसानं करुणाचा अंगठा घेतला, नवा नंबर विचारला. तिनं स्वतःचा सांगितला. मला सुटल्यासारखं वाटलं आणि काहीतरी हातातून गेल्यासारखंही वाटलं. मग त्यानं शांतावहिनींना पुढं बोलावलं. मी म्हटलं, “यांनाही करुणाचाच नंबर जोडा.”

“नको,” करुणा म्हणाली. “आईचा तुमच्याकडंच राहू द्या.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. “अगं, पण...”

“मी दिल्लीत, आई इथं एकटी. तिले अर्ध्या कामाले तुमीच नेसान ना? आन् माहा फोन बारा-बारा घंटे बंद राहते, काका. ड्यूटीवर गेली का लॉकरमंदी ठेवा लागते. आमच्या वार्डाच्या दारातबी टोपली हाय. नातेवाइकायचे फोन मीच बंद करायले लावते, रोज.”

केंद्रातला माणूस माझ्या तोंडाकडं बघत होता, मागं रांग होती. शांतावहिनींनी यंत्रावर टेकायला पुढं केलेला अंगठा मागं घेतला आणि पदरात गुंडाळला.

“फक्त आत जाच्या आधी कोनाच्या तरी हातात चालू फोन देत जा,” करुणा म्हणाली.

मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.